रुखवतातली पाठमोरी बाई

आमच्या दुकानाची पहिली अट अशी होती की माल विकायचा, पण तो विकला आहे हे कुणाला कळू द्यायचं नाही. आता अशा दुकानाची जाहिरात कशी करायची, हे मला ज्यांनी शिकवलं असतं ते अंधेरीतले सगळे हुशार लोक माझ्या ओळखीचे होते. कारण मी तिथल्याच एका फोटो स्टुडिओत बरीच वर्षं नोकरी केली आहे. साबणाची वडी ओली दिसावी म्हणून तिच्यावर ग्लिसरीनचे थेंब ठेवणं, बिस्किटाचा कोपरा तुटलेला असेल तर चांगला कोपरा कॅमेऱ्याकडे करणं, ही माझी कामं. वस्तू कशी दाखवावी एवढं मला नक्की कळतं. ती लपवायची कशी, ते मात्र सासूबाईंकडून शिकले.

सासूबाई रुखवत करतात. लग्नाच्या हॉलमध्ये मुलीकडच्यांनी एका बाजूला टेबलं लावून मांडलेलं असतं ते. त्यात सुपाऱ्यांची वरात असते, पापडांची फुलं असतात, शेवयांच्या घरट्यात साखरेची अंडी असतात. मुलाकडच्या बायका त्याच्यासमोर रेंगाळतात, फोटो काढतात आणि नवरीच्या आईला विचारतात, "मुलीने केलं सगळं?" यावर नवरीची आई काय म्हणते ते जगाला माहीत आहे. "हो ना, ऑफिस सांभाळून केलं हो तिनं." निम्म्या वेळा त्या बिचाऱ्या मुलीने अख्खं रुखवत पहिल्यांदा हॉलमध्येच पाहिलेलं असतं.

हे सुरू कसं झालं ते सांगते. बोरिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक मुलगी होती. तिचं लग्न तोंडावर आलं आणि नेमकी तिची आई टायफॉइडने आडवी झाली. मुलीला सुई धरता येत नव्हती. सासूबाई तेव्हा नुकत्याच परळच्या चाळीतून इथे राहायला आल्या होत्या, सासऱ्यांची गिरणी बंद पडली होती आणि हाताला काहीतरी काम हवंच होतं. त्यांनी गावाकडे लहानपणी पाहिलेलं आठवून सुपाऱ्यांचं अख्खं वऱ्हाड केलं, नवरदेव तेवढा मुलीला करायला लावला. खणाच्या चिंध्यांचे फेटे, जुन्या पातळाच्या काठाचे शालू, कणकेच्या खळीने चिकटवलेले. मुलीच्या सासूने मुलीला डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी मुलीची आई, अंगात ताप असताना, खाली येऊन म्हणाली, "तेवढं कुणाला सांगू नका हं." सासूबाई म्हणाल्या, नाही सांगत. तो शब्द त्या दिवसापासून सगळ्यांनाच लागू झाला, कारण नंतर आलेली प्रत्येक मुलगी हेच मागत गेली.

शब्दाच्या बाबतीत त्या फार कडक. पण खोटं बोलायचंही त्यांना पटत नव्हतं, म्हणून त्यांनी त्या पहिल्या नवरदेवावरूनच एक मधला मार्ग काढला होता. लग्नाच्या आठवडाभर आधी नवरीला घरी बोलवायचं, समोर पाटावर बसवायचं आणि वऱ्हाडातला नवरदेव तिच्याकडून करून घ्यायचा. सुपारीला फेटा, मुंडावळ्या, उपरणं, सगळं तिनेच लावायचं. म्हणजे हॉलमध्ये कुणी विचारलं तर ती निदान खळीने बोटं बरबटलेल्या माणसासारखं उत्तर देऊ शकेल. नवरदेव हमखास वाकडा व्हायचा. एकदा मी तो जरा सरळ करायला गेले तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "राहू दे. तिचो घोव आसा. सरळ करूचो की नाय ता तीच बघात."

रागावल्या किंवा चेष्टेत आल्या की त्या मालवणी बोलतात. बाहेरच्यांशी मात्र एकदम पुस्तकी. परळमध्ये कुणीतरी त्यांच्या बोलण्याला हसलं होतं म्हणे, तेव्हापासून.

आणि एक गोष्ट त्यांच्या प्रत्येक वऱ्हाडात असायची. सगळी सुपारीची माणसं नवरा-नवरीकडे तोंड करून, आणि एका कोपऱ्यात एक बाई सगळ्यांकडे पाठ करून. अंबाड्यावर काळ्या दोऱ्याचं वेटोळं, कमरेला खोचलेला पदर, समोर काजूच्या टरफलाची चूल आणि तिच्यावर बाटलीच्या झाकणाचं पातेलं. तिला तोंडच काढलेलं नसायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं, आई, ही कोण? त्या म्हणाल्या, "सगळी लगीन बघतत, मगे जेवाण कोण करता?"

स्टुडिओ बंद झाला आणि मी घरी बसले. मला घरी बसता येत नाही. डोळ्यासमोर एवढं सुंदर काम होतंय आणि ते खोक्यात भरून, वर जुनी साडी टाकून, गुपचूप टॅक्सीत चढवलं जातंय, हे पाहून माझं डोकं फिरायचं. मी फोनवर फोटोंच्या त्या ॲपवर पेज काढलं. नवरा म्हणाला, "अगं, पण टाकणार काय त्यात? गिऱ्हाईकं तर नाही म्हणतात."

खरंच नाही म्हणत होती. ऑर्डर द्यायला येणारी प्रत्येक मुलगी दिवसभर स्वतःचे फोटो टाकणारी. मढला बंगला भाड्याने घेऊन, समुद्रावर पांढरा गाऊन उडवत काढलेले लग्नाआधीचे फोटो सगळ्या जगाला दाखवणारी. आणि माझ्यासमोर हात जोडून म्हणणार, "ताई, प्लीज, रुखवताचा फोटो नका ना टाकू. सासरचे सगळे तिथे आहेत. वाट लागेल माझी." मी आमचं रिकामं पेज तिला दाखवायचे. ती म्हणायची, "सो स्वीट," आणि फॉलो करून निघून जायची. म्हणजे आमच्या पेजला माणसं होती, माल नव्हता. ज्या दुकानात गिऱ्हाईक येऊन रिकाम्या फळ्या बघून कौतुक करतं, असं दुकान अख्ख्या मुंबईत आमचंच असेल.

काही दिवस मी खळीचे फोटो टाकले. चिंध्यांचे टाकले. खिडकीतल्या उन्हात सुपाऱ्यांची रास टाकली, तिला पानवाल्यांनी बरीच पसंती दिली. सासूबाईंच्या हातांचा एक व्हिडिओ टाकला, इवलासा फेटा बांधतानाचा. त्यावर लोक हळूहळू थांबायला लागले. मग मला सुचलं, की वऱ्हाड नको, लग्न नको, फक्त ती पाठमोरी बाई टाकू. ती सगळ्याच रुखवतांत असते, म्हणजे ती कुणाचीच नाही. कुणाचं गुपित फुटण्याचा प्रश्नच नाही. सकाळचा तिरका उजेड घेतला, चुलीमागे कापसाचा जरासा धूर केला आणि स्टुडिओत शिकलेलं सगळं त्या सुपारीवर ओतलं. फोटो झकास आला. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिला आणि "बरा आसा" म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

आमची अक्कल इथेच कमी पडली. ती कुणाचीच नाही असं आम्हाला वाटलं होतं, पण ती सगळ्यांची होती.

पहिली एक बाई लिहून गेली, "अय्या, अशीच बाई माझ्या वहिनीच्या रुखवतात होती." मला आनंद झाला. दुसरीने जुन्या अल्बममधला फोटो शोधला, आपल्या पेजवर लावला आणि आमचं नाव जोडलं. शालू नेसलेली नवरी, मागे टेबल, आणि टेबलाच्या कोपऱ्यात तीच. तिसरीने आणखी एक. मुलुंड, घाटकोपर, पार्ले, ठाणे. लोकांना खेळच मिळाला. घरोघरी कपाटांतून अल्बम निघाले आणि लोक प्रत्येकात भिंग लावून ती बाई शोधायला लागले. आणि मग एका नणंदेने, अगदी सगळ्यांसमोर, लिहिलं, "वहिनी, तू तर म्हणाली होतीस तू जागून जागून केलंस?" खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

दुपारी सासूबाईंचा फोन वाजला. मी स्वयंपाकघरात होते, पण पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता इतका तो चढलेला होता. कुठल्याशा जुन्या नवरीचा. "काकू, तुम्ही शब्द दिला होतात." सासूबाई शुद्ध मराठीत "हो, हो, चूक झाली" एवढंच म्हणत राहिल्या. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"तुका कोणी सांगल्यान ह्या करूक?"

"आई, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"माझो शब्द गेलो, आणि तू माका नावा सांगतस? ता काढ आधी."

मी तो फोटो काढला. पण मुकाट्याने नाही. म्हटलं, आई, चोरी आपण केली का? तुम्ही केलंत, तुमच्या हातांनी केलंत, आणि लपून तुम्हीच राहायचं? त्या बायकांच्या संसाराला काही धक्का लागत नाही, पोरं कॉलेजात गेली त्यांची. मी बरंच बोलले. आवाजही चढला असेल. त्यातला एकही शब्द मला आज परत घ्यावासा वाटत नाही.

त्यांनी सुपाऱ्यांचा पत्र्याचा मोठा डबा उचलला, चिंध्यांचं गाठोडं त्याच्यावर ठेवलं आणि माझ्या नवऱ्याला हाक मारून दोन्ही माळ्यावर टाकायला लावलं. मग टीव्ही लावून बसल्या. मला रडू आलं ते तेव्हा. पेजचं मला काहीच वाटलं नाही, पेज काय, पुन्हा भरता आलं असतं. पण हात रिकामे ठेवून बसलेल्या सासूबाई मी तोवर पाहिल्या नव्हत्या. त्या टीव्हीकडे बघत होत्या आणि बोटं मांडीवर आपोआप फेटा गुंडाळल्यासारखी हलत होती.

पुढचे बरेच दिवस घरात तसेच गेले. त्या माझ्याशी बोलायच्या, पण कामापुरतं. ऑर्डरसाठी कुणी आलं तर "आता डोळे चालत नाहीत" म्हणून परत पाठवायच्या. डोळे उत्तम होते. मी आणलेल्या बोंबलांतला शिळा बोंबील त्या खिडकीतून ओळखतात.

मग एके दिवशी सकाळी फोन उघडला तर आमच्या नावाशी जोडलेला एक नवीन फोटो. फिकट पडलेला, कडेला अल्बमच्या चिकटपट्टीचा डाग. पहिली नवरी. तीच, वरच्या मजल्यावरची, टायफॉइडवालीची मुलगी. लग्न होऊन चेंबूरला गेली ती. फोटोत रुखवताच्या मागे उभी राहून असं हसत होती, जसं काही तिनेच जग निर्माण केलंय. खाली तिने लिहिलं होतं:

"यातलं मी काहीही केलेलं नाही. बोरिवलीच्या आमच्या काकूंनी केलं. मी फक्त नवरदेव केला. दिसतोच आहे वाकडा. इतकी वर्षं कौतुक मी खाल्लं, ते आज त्यांना देते."

मी ते दोनदा वाचलं. तोवर खाली दुसरीने लिहिलं, "माझं पण! माझा नवरदेव तर पालथाच पडायचा." मग तिसरी. मग जिच्या नणंदेने जाहीर विचारलं होतं तीच वहिनी: "हो, नाही केलं मी. तुझ्या लग्नातले लाडू तरी तू कुठे वळले होतेस गं?" दुपारपर्यंत तिथे वाकड्या नवरदेवांची नुसती जत्रा भरली होती. प्रत्येकीने आपापला नवरदेव मोठा करून लावलेला. कुणाचा फेटा नाकावर आलेला, कुणाच्या मुंडावळ्या मागच्या बाजूला. काहींनी शेजारी खऱ्या नवऱ्याचा फोटोही लावला होता आणि साम्य काढून दाखवलं होतं.

सासूबाई ओट्याशी कोलंबी सोलत होत्या. मी शेजारी उभी राहून एकेक वाचून दाखवायला लागले. त्यांनी मान वर केली नाही. पण सोलणं हळू झालं. एकीचं वाचलं, "मी फक्त नवरदेव केला," तर त्या कोलंबीकडे बघतच म्हणाल्या, "खोटा सांगता. तेणी भटजी पण केल्यान. चांगलो केलेल्यान." पुढचीचं वाचलं तर, "ही रडत होती सगळो वेळ. पसंत नव्हतो तिका. आता कशी आसा?" मी म्हटलं, दोघं कालच कुठेतरी फिरायला गेलेत, हे बघा. त्यांनी ओल्या हाताने फोन धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांना प्रत्येक मुलगी आठवत होती. कोण पाटावर बसून काय बोलली, कुणी फेटा कितीदा सोडून बांधला, सगळं. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की ओट्यावरच्या कोलंबीसकट त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, कारण त्या म्हणाल्या असत्या, हात धू आधी.

पुढच्या रविवारी चेंबूरवाली घरी आली. केस पांढरे झालेले, पण हसणं फोटोतलंच. सोबत तिची मुलगी. मुलीचं लग्न ठरलं होतं, पार्ल्याच्या हॉलमध्ये.

"आजी," मुलगी थेट म्हणाली, "माझं रुखवत तुम्ही करायचं. आणि रोज फोटो टाकायचे, पहिल्या सुपारीपासून. मला लपवायचं नाहीये."

सासूबाई पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "बाळा, सासरची माणसं काय म्हणतील? मुलीला काही येत नाही म्हणतील."

"नाहीच येत मला. मी पूल बांधते. म्हणजे आराखडे करते पुलांचे."

सासूबाईंनी तिच्या आईकडे बघितलं. चेंबूरवाली म्हणाली, "काकू, माझ्या आईने तुमच्याकडून शब्द घेतला होता ना. ती आता नाही. तिच्या वतीने मी तुम्हाला त्यातून मोकळं करते." आणि वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावला.

मी मुद्दामच स्वयंपाकघरात गेले आणि उगाच चहाच्या कपांचा आवाज करत राहिले. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "नवरदेव तू करतलंस?"

"हो आजी."

"आणि एक पूल पण कर. बघूया तरी काय बांधतस ता." मग माझ्या नावाने हाक आली, नवऱ्याला माळ्यावरचा डबा काढायला सांग म्हणून.

तो महिना मी आयुष्यात विसरणार नाही. रोज एक फोटो. खळ शिजताना, फेट्यांची रांग वाळत पडलेली, पापडाचं कमळ. मुलगी शनिवारी यायची आणि आइसक्रीमच्या काड्यांचा पूल बांधायची. सासूबाई शेजारी बसून तिला टोमणे मारायच्या, ती उलट उत्तरं द्यायची, मी सगळं टिपायचे. पूल असा झाला की त्याच्यावर पाटा ठेवला तरी हलेना. नवरदेव मात्र परंपरेला धरून वाकडा. मुलाकडचेही पेज बघायला लागले होते. मुलाच्या आजीने तर एकदा विचारलं, खळीत मोरचूद घालता की नाही, नाहीतर झुरळं खातात. सासूबाईंनी माझ्याकडून उत्तर लिहवून घेतलं आणि दोघींचं जे सुरू झालं ते अजून सुरू आहे.

शेवटी मी पाठमोऱ्या बाईबद्दल विचारलं. म्हटलं, आई, आता तरी हिला वळवा. तोंड काढा, सगळ्यांसमोर येऊ दे. त्यांनी मला वेड्यात काढलं. "ती कित्या वळतली? चुलीर भात आसा तिचो."

लग्नाच्या दिवशी त्या आमच्याबरोबर पार्ल्याला आल्या. हे मला ठळक सांगायला हवं, कारण तोवर त्या आपलं रुखवत हॉलमध्ये मांडलेलं बघायला कधीच गेल्या नव्हत्या. चुकून तोंडातून काही निसटेल म्हणून. फक्त एकदा, आमच्याच नात्यात लग्न होतं म्हणून जावं लागलं, तेव्हा स्वतःच्याच कामासमोर उभं राहून त्यांनी नवरीच्या सासूला सांगितलं होतं, "किती गुणी मुलगी मिळाली हो तुम्हाला." मी बाजूलाच होते. माझा जबडा दुखेपर्यंत मी दात आवळले होते.

आज त्या नारायणपेठ नेसल्या होत्या. टेबलाच्या एका टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं एकदा नजरेखालून घातलं. वऱ्हाड पुलावरून येत होतं. पुढे वाकडा नवरदेव. कोपऱ्यात ती, पाठ करून, चुलीशी. सासूबाईंनी एका करवलीचा पदर बोटाच्या टोकाने सारखा केला.

तेवढ्यात मुलाकडची एक बाई आली. पेजबिज न बघणारी असावी. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेली आणि सासूबाईंच्या शेजारी येऊन थांबली. अगदी गोड आवाजात म्हणाली, "मुलीने केलंय का हो सगळं? गुणी आहे हो."

इतक्या वर्षांची सवय. आता त्या पुस्तकी मराठीत "हो ना" म्हणणार, असंच मला वाटलं. त्यांनी पदर सावरला.

"पूल मुलीचो," त्या म्हणाल्या. हॉलमध्ये, परक्या माणसासमोर, मालवणीत. "नवरदेव पण तिचोच, दिसताच तो. बाकीचा सगळा मिया केलंय."

ती बाई "अगं बाई" म्हणून त्यांचा हातच धरून बसली. मी फोन वर केला आणि फोटो काढला. समोरून, टेबल मागे घेऊन, दोन्ही डोळे नीट उजेडात. सासूबाईंनी ते पाहिलं आणि बोट दाखवून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काढून टाक म्हणतात.

"टाक," त्या म्हणाल्या. "आणि खाली माझा नाव घाल. आख्खा घाल, माहेरच्यासकट."